बाळ अंग धरत नसेल तर

आपल्या गावांत ‘गुणी बाळ’ कोणाला म्हणतात, हे एकदा लक्ष देऊन ऐकावे. जे रडत नाही, दुधासाठी घर डोक्यावर घेत नाही, बांधावरच्या झाडाला झोळी बांधून आत टाकले की आईची भांगलण संपेपर्यंत हूं की चूं करीत नाही, ते गुणी. शेजारणी त्याचे कौतुक करतात आणि रडक्या बाळाच्या आईला नावे ठेवतात. आमचे मत याहून वेगळे आहे. बहुतेक शांत बाळे अगदी धडधाकट असतात, हे खरे. परंतु काही बाळे शांत असतात ती गुणी म्हणून नव्हे, तर रडायला, चोखायला आणि हातपाय झाडायला लागणारा जोरच त्यांच्या अंगात नसतो म्हणून. ही बाळे वेळेवर ओळखली जात नाहीत याची काळजी वाटते, म्हणून या पानावर या वेळी खत-बियाण्याऐवजी हा विषय घेतला आहे.

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. तान्ह्या बाळाची मान कशी धरावी हे मात्र कोणी शिकवले नाही. ते स्नानसंस्कार देता देता शिकावे लागते. आणि पुष्कळ बाळे हातांतून गेली की हाताला फरक कळू लागतो. काही बाळे हातात घट्ट बसतात, काही मात्र ओल्या कापडासारखी खाली ओघळतात. डॉक्टर याला स्नायूंचा ताण कमी असणे म्हणतात. आपल्या बायका त्याहून नेमके बोलतात: ‘बाळ अंग धरत नाही.’

ताण आणि ताकद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि शेतकऱ्याला हा फरक चटकन कळेल. बैल नांगर ओढतो ती त्याची ताकद. पण तोच बैल गोठ्यात नुसता उभा असतो, काही काम करीत नाही, तरी त्याचे पाय दुमडत नाहीत, मान लोंबत नाही. विश्रांतीतही स्नायूंत जो थोडा ताठपणा असतो तो ताण. मेंदू, पाठीचा कणा, नसा आणि स्नायू ही सारी साखळी नीट असेल तर हा ताण राहतो. साखळीत कुठेही कडी सैल झाली की बाळ ढिले पडते. म्हणून ‘ढिले बाळ’ हे रोगाचे नाव नाही. ताप येण्यासारखी ती एक खूण आहे, आणि तिच्यामागचे कारण शोधावे लागते.

खूण कशी ओळखावी? उताणे निजवले की अशा बाळाचे पाय बेडकासारखे दोन्हीकडे पसरून पडतात. काखेत हात घालून उचलले तर ते हातांतून निसटेल असे वाटते. दोन्ही हात धरून हलकेच उठवू लागले तर मान मागेच लोंबत राहते. पहिले काही आठवडे हे सगळ्याच बाळांचे होते, पण चौथा महिना संपत आला तरी तसेच राहिले तर ते बरोबर नाही. दूध ओढताना दमते, ठसका लागतो, रडणे क्षीण असते. आणि आई बहुधा एक वाक्य बोलते: ‘हे जड लागतं.’ वजनाने ते जड नसते. स्वतःला सावरत नाही म्हणून जड लागते. आईच्या या वाक्याला आम्ही फार मान देतो.

यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘त्याचा बाप दीड वर्षाचा होऊन चालला, आज पोत्याची पोती उचलतो.’ हे उत्तर खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध केले. घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत असे ते पाच देश, आणि भारतातली बाळे दिल्लीची होती. आधाराशिवाय बसणे कोणाला चौथा महिना संपण्यापूर्वीच जमले तर कोणाला नऊ महिने होऊन गेल्यावर. आपल्या पायांनी चालणे कोणाला आठ महिन्यांतच आले, कोणाला साडेसतरा महिन्यांनी. शंभरातली चार-एक बाळे तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि तरी व्यवस्थित चालली. तेव्हा शेजारच्या बाळाशी रोज तुलना करून झोप उडवून घेणाऱ्या तरुण आईला आमचे सांगणे असे, की बाळ हसते, तुमच्याकडे टक लावून पाहते, लाथा मारते, उचलले की अंग सावरते, मग ते आठव्या महिन्यात रांगत नाही म्हणून रडू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय तर जन्मतारखेवरून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेवरून मोजायचे असते. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरतात.

पण आजीचे उत्तर अर्धेच आहे. ती चालण्याची वाट पाहते. ढिले बाळ त्याच्या वर्षभर आधी दिसलेले असते, त्याच्या मानेत. दीड वर्षापर्यंत थांबून ‘आता दाखवू’ म्हणणे म्हणजे पिकाची पाने पिवळी पडली तेव्हा न पाहता कणसे भरली नाहीत म्हणून मळणीच्या वेळी तपास करण्यासारखे आहे.

वर्षभर थांबल्याने काय जाते? काही आजारांत फार काही जाते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मतःच काम करीत नसेल तर बाळ असेच गुणी असते. खूप झोपते, दूध कमी ओढते, शौचास कोंडते, जन्मानंतरची कावीळ लांबते, बेंबी फुगून येते, जीभ मोठी दिसते, अंग गार आणि ढिले असते. यावरचे औषध म्हणजे रोजची एक लहानशी, स्वस्त गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बहुतेक मुले इतर मुलांसारखीच वाढतात आणि शाळेत जातात. सहा महिने गेले तर मेंदूचे जे नुकसान झालेले असते ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी पुरते भरून येत नाही. जन्मानंतर दोन दिवस उलटल्यावर बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा दोष कळतो. प्रत्येक दवाखान्यात ही तपासणी आपोआप होत नाही. बाळंतपणाच्या दवाखान्यातून निघण्यापूर्वी ‘बाळाची थायरॉईड तपासली का?’ एवढा प्रश्न बापाने विचारावा. बाळंतीण दमलेली असते. पेढ्यांचा बॉक्स आणायला गेलेल्या बापाला तेवढी सवड असते.

दुसरे कारण आपल्या ताटातले आहे. ‘ब-१२’ नावाचे जीवनसत्त्व अंडी, दूध, मासळी आणि मांस यांतूनच मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. आईच्या अंगात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी पडते. असे बाळ पाच-सहा महिन्यांपर्यंत बरे दिसते, मग हळूहळू मलूल होते, हसणे सोडते, बसत असले तर बसणे विसरते, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, काहींचे हात थरथरतात. औषध वेळेवर मिळाले की मलूल बाळ थोड्याच दिवसांत डोळे उघडून पाहू लागते. ख्रिस्ती घरांत मासळी-मांस शिजते, मग आपल्याकडे ही कमतरता कशी, असे कोणी विचारील. शिजते, पण कोणाच्या ताटात पडते ते पाहा. सून सर्वांत शेवटी बसते. काही घरांत बाळंतिणीच्या पथ्यात अंडे-मासळी वर्ज्य, आणि पुढे उपवासकाळ आला की तिने सगळ्यांबरोबर पाळायचेच. येथे धर्मगुरू म्हणून स्पष्ट सांगतो, की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला उपवासाचे बंधन नाही. तिने अंडे खाल्ले तर देवाचा काही अपमान होत नाही. याच ओघात ‘ड’ जीवनसत्त्वाचे: बालरोगतज्ज्ञ पहिले वर्षभर बाळाला त्याचे रोज ४०० युनिट थेंब द्यायला सांगतात, कारण ते कमी पडले की हाडे मऊ राहतात, मनगटे फुगतात आणि बाळ उभे राहायला कंटाळते.

तिसऱ्या कारणाविषयी जास्त गैरसमज आहेत. जन्मताना बाळ गुदमरले, फार कमी दिवसांचे जन्मले, किंवा कावीळ मेंदूपर्यंत चढली, तर मेंदूला इजा होते. अशी पुष्कळ बाळे आधी ढिली असतात आणि काही महिन्यांनी ताठ होऊ लागतात. मुठी आवळलेल्या राहतात, उभे धरले तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. घरात आनंद होतो: बाळाने अंग धरले! ते अंग धरणे नव्हे. तो ताठपणा सेरेब्रल पाल्सीची खूण असू शकतो, आणि व्यायामाची गरज तेव्हा कमी न होता वाढते. तसेच वर्षाच्या आतले बाळ एकाच हाताने सगळे घेत असेल तर ‘डावखुरा होणार’ म्हणून हसू नका. दुसऱ्या हाताकडे पाहा.

डाऊन सिंड्रोमची बाळेही जन्मतः ढिली असतात. ती चालतात, दोन वर्षांच्या आसपास, काही तीन-चार वर्षांची होऊन. सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, म्हणून हृदयाची आणि थायरॉईडची तपासणी आधी करून घ्यावी. काही थोड्या बाळांना नसांचा आनुवंशिक आजार असतो. त्यांचे डोळे तेजस्वी असतात, ती ओळखून हसतात, पण पाय हालत नाहीत. अशा बाळाला एक दिवसही न गमावता मोठ्या इस्पितळात न्यावे, कारण या आजारावर आता औषधे निघाली आहेत आणि ती जितकी लवकर मिळतील तितकी उपयोगी पडतात. हा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष वारसा आला तरच होतो, आणि नात्यातल्या नात्यात लग्न झाले की अशा आजारांची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नासाठी ख्रिस्तसभेची खास परवानगी मागायला येणाऱ्यांना आम्ही इतके प्रश्न का विचारतो, असे लोक म्हणतात. एक कारण हे आहे.

बरे असलेले बाळ किंवा मोठे मूल एकाएकी लुळे पडले तर मात्र वरील कशाचीही वाट पाहू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी पंधरा वर्षांखालील कोणतेही मूल अचानक लुळे पडले तर सरकारला कळवावेच लागते आणि शौचाचे नमुने तपासले जातात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शेतकरी घरांत आणखी दोन धोके आहेत. फवारणीचे औषध अंगावर असताना बाळाला घेऊ नये. आंघोळ करून, कपडे बदलून मगच हात लावावा. आणि बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नये. आपल्या रानचा अस्सल मध असला तरी नाही, कारण कोणत्याही मधात अशा जंतूंचे बीज असू शकते, जे लहान बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करते. आधी शौच कोंडते, मग पापण्या मिटू लागतात आणि बाळ लुळे पडते. मोठ्या माणसांना तो मध बाधत नाही. घुटीच्या सहाणेवर मधाचे बोट फिरवण्याची चाल आता सोडून द्यावी.

आता घरी काय करावे. टॉनिकने ताण येत नाही, आणि कोणत्याही तेलाने येत नाही. न्हाऊ-माखू घालणे चांगले. बाळ सुखावते, झोपते, आईचा हात त्याला कळतो. पण पाय धरून उलटे झुलवणे, सांधे ओढून ‘मोकळे’ करणे बंद करा. ढिल्या बाळाचे सांधे आधीच सैल असतात, ते निखळू शकतात. ढिल्या बाळाला लागते ती जमीन. दिवसभर झोळीत पडलेले बाळ गुंडाळलेल्या वातीसारखे राहते, त्याला वळायला, रेटायला काहीच मिळत नाही. जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना, त्याला सतरंजीवर पालथे घालावे. गोधडीची लहान वळकटी करून छातीखाली द्यावी, हात पुढे काढावेत, आणि समोर आवाज करणारी वाटी-चमचा ठेवावा. आधी एक-दोन मिनिटेच, रडले की उचलावे, दिवसातून पुष्कळदा. झोपवायचे मात्र उताणेच. उशा लावून जबरदस्तीने बसवू नये. पांगुळगाड्याचे म्हणाल तर सुताराने केलेला, उभे राहता येणाऱ्या मुलाने ढकलायचा लाकडी गाडा निराळा, आणि बाजारातला, आत बसवून पायांनी सरकवायचा प्लास्टिकचा वॉकर निराळा. तो दुसरा कॅनडाने २००४ सालीच विकायला बंदी केली. त्यात बसून बाळ चालायला शिकत नाही, उलट उंबऱ्यावरून पडते आणि चुलीपर्यंत पोचते.

बाकीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावे लागतात, कारण प्रत्येक बाळाचे वेगळे असतात. त्यासाठी कुठे जायचे? घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीला पहिले सांगा. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने बाळ पाहायचे असते, आणि पुढे तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते, आणि दोष आढळला तर मूल जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते. तेथे बालरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपी यांची सोय विनामूल्य असते. पथक येणार त्या दिवशी सुगी आहे म्हणून मुलाला घरी ठेवू नका. आपल्या सीमाभागात एक अडचण अधिक आहे. तायी कार्ड कन्नडमध्ये असते, आणि कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे हे सगळे त्यावर असूनही पुष्कळ आयांना ते वाचता येत नाही. शाळेत जाणारी आपली मुले कन्नड वाचतात. एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर त्यांच्याकडून कार्ड वाचून घ्यावे. भाषेचा वाद बाळाच्या मानेवर नको.

इतके असूनही बाळे उशिरा का पोचतात? माहिती नसते म्हणून थोडी. बाकीची लाजेने आणि कामाने. ‘हिने ग्रहणात सुरी धरली’, ‘हिच्या माहेरी असंच आहे’, असे सासरी ऐकून घेतलेली मुलगी बाळाला चार माणसांत काढतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांनी सुनेकडे बोट दाखवू नये. नवसाचेही तसेच. वेळांकणीला जा, जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या चरणी बाळाला घाला, आम्ही आशीर्वाद देऊ. पण आधी इस्पितळ, आणि व्यायाम चुकवून यात्रा नको. ‘नवस केलाय, आता वर्षभर पाहू’ असे म्हणणे म्हणजे देवाला मुदत घालून देणे आहे.

कामाचे मात्र खरोखरच कठीण आहे. व्यायाम शिकायला सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा शहरात जावे लागते. एसटीची वाट, दवाखान्यातली रांग, परतीची एसटी, म्हणजे सबंध दिवस जातो. लावणीच्या दिवसांत एका बाईची मजुरी आणि घरचे काम दोन्ही बुडते. दोन खेपा होतात, तिसरी चुकते, मग बंदच. कफर्णहूम येथल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडले, ही गोष्ट आपण मार्कच्या शुभवर्तमानात ऐकतो. त्या चौघांचेही त्या दिवशी काही काम असेलच. आपल्याकडे पैरा आहे. बैलाचा पैरा होतो, लावणीचा होतो, उसाच्या तोडणीचा होतो. मग दवाखान्याच्या दिवसाचा का होऊ नये? ज्या घरचे बाळ व्यायामाला जाते त्या घरचा एक दिवस दुसऱ्या घरच्या माणसाने भरून काढावा. तो परत फेडायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि बाळाबरोबर दर खेपेला आईनेच जावे असे कोठेही लिहिलेले नाही. बापानेही व्यायाम शिकून घ्यावेत; त्याचे हात मोठे असतात, बाळाला धरायला बरे पडतात.

सगळी बाळे पूर्ण बरी होतील असे आम्ही म्हणत नाही. काही ढिली बाळे दीड-दोन वर्षांत चालू लागतात आणि पुढे कोणाला आठवतही नाही. काहींना व्यायाम आयुष्यभर लागतो. काहींना अपंगत्वाचा दाखला काढून सवलती घ्याव्या लागतात, त्याचे अर्ज भरायला आमचे कार्यालय मदत करील.

पैऱ्यासाठी ज्यांना आपला एक दिवस देता येईल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात नाव आणि वार सांगावा. ज्या घरात असे बाळ आहे त्यांनी सर्वांसमोर काही सांगण्याची गरज नाही. कोणत्या वारी शहरात जायचे आहे आणि त्या दिवशी शेतात किंवा घरी कोणते काम अडते, एवढे कळवले तरी पुरे.